फळा पुसलेला नव्हता: एका डोळ्याने बघणाऱ्या मुलीचं प्रकरण

ऑगस्टमधला मंगळवार. चिमी दोन दिवसांच्या खाड्यानंतर शाळेत आली ती उजव्या डोळ्याला रांजणवाडी घेऊनच. पापणी एवढी सुजली होती की डोळा पार मिटून गेला होता. आजीने लवंग उगाळून लावली होती, तिचा तपकिरी ओघळ गालावर वाळलेला. मी तिला नेहमीच्या जागी, दुसऱ्या ओळीत बसवलं आणि फळ्यावर वजाबाकीची चार उदाहरणं लिहिली. बाकीच्यांनी वह्या काढून उतरवून घ्यायला सुरुवात केली. चिमी पेन्सील हातात धरून नुसती बसून होती.

"लिही ना गं."

"बाई, फळा पुसलाय की."

मी मागे वळून पाहिलं. चारही उदाहरणं ठसठशीत होती, नवीन खडूने लिहिलेली. मला वाटलं, दुखतंय म्हणून टाळाटाळ चालली आहे. तरी विचारलं, "तुला काय दिसतंय?"

"पांढरं पांढरं. पुसल्यावर ऱ्हातं तसलं."

मी तिला हाताला धरून फळ्याजवळ नेलं. अगदी जवळ, नाक टेकेल इतक्या अंतरावर गेल्यावर तिने बोट ठेवून आकडे वाचले. उजवा डोळा सुजेने बंद होता. म्हणजे ती डाव्या डोळ्याने बघत होती आणि त्या डोळ्याला चार पावलांवरून मोठा आकडाही ओळखू येत नव्हता. ही मुलगी सव्वा वर्ष माझ्या वर्गात होती.

हे प्रकरण सविस्तर लिहून काढते आहे ते त्या सव्वा वर्षासाठी. चिमी हे तिचं खरं नाव नाही. तिच्या आईने लिहायला हरकत नाही म्हणून सांगितलं आहे. शाळा सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातली, पहिली ते चौथी, दोन शिक्षक, 31 मुलं. वडील नवी मुंबईत वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी कामगार, इथे आई, आजी, चिमी आणि अंगणवाडीत जाणारा धाकटा भाऊ. घरात कुणालाच चष्मा नाही. आजीला मोतीबिंदू आहे, तेवढंच.

माझ्याच अक्षरातल्या नोंदी

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मूल्यमापनाची नोंदवही काढून बसले. प्राथमिक शाळेत प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी ठेवाव्या लागतात, हे शिक्षकांना सांगायला नको. पुष्कळदा आपण त्या सत्र संपताना घाईने भरतो. चिमीच्या पानावर मी लिहिलेलं होतं ते असं.

पहिली, ऑक्टोबर, कार्यानुभव: मणी ओवण्याचा कंटाळा करते. दोरा मण्याच्या शेजारून जातो. एकाग्रता कमी.

पहिली, डिसेंबर, शारीरिक शिक्षण: चेंडू झेलता येत नाही. चेंडू अंगावर आला की तोंड फिरवते. भित्री.

पहिली, मार्च: हंड्यातून तांब्यात पाणी ओतताना बाहेर सांडते. कामात नीटनेटकेपणा हवा.

दुसरी, जुलै: शाळेच्या पायऱ्या उतरताना मैत्रिणीचा हात धरते. धीटपणा वाढायला हवा.

आणि या सगळ्याच्या वर, पहिल्याच ओळीत: वाचन उत्तम, अक्षर वळणदार.

त्या पहिल्या ओळीनेच मला झोपवलं होतं. डोळे कमजोर असतील तर मूल वाचनात मागे पडणार, फळ्याजवळ येणार, पुस्तक नाकाला लावणार, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. चिमी यातलं काहीच करत नव्हती, कारण तिचा उजवा डोळा चांगला होता आणि वाचायला एक चांगला डोळा पुरतो. दोन डोळे एकत्र लागतात ते खोलीचा अंदाज यायला: दोरा मण्याच्या भोकासमोर आहे की अलीकडे, चेंडू किती जवळ आला, पुढची पायरी किती खाली आहे. नेमकी हीच कामं तिला जड जात होती. मी त्यांना कंटाळा, भित्रेपणा, अव्यवस्थितपणा अशी नावं देऊन मोकळी झाले होते.

एक गोष्ट स्पष्ट करते. पाणी सांडणारं प्रत्येक मूल डोळ्यांचा रुग्ण नसतं. सहा वर्षांच्या मुलांच्या हातून पाणी सांडतंच, आणि एका डोळ्यावर वाढलेली काही मुलं इतकी सराईत होतात की बाहेरून काहीच कळत नाही. पण चार वेगवेगळ्या महिन्यांत, चार वेगवेगळ्या कामांत एकच गोष्ट चुकत असेल, ती म्हणजे अंतर, तर मुलाच्या स्वभावाबद्दल लिहिण्याआधी डोळे तपासायला हवेत. हे मला तेव्हा सुचलं नाही.

तक्ता होता, चाचणीही झाली होती

तक्ता शाळेत होता. पहिलीच्या वर्षी डिसेंबरात मी स्वतः सगळ्या मुलांची दृष्टी तपासली होती आणि चिमीच्या नावापुढे "दोन्ही डोळे 6/6" असं लिहिलं होतं. तेही माझ्याच अक्षरात आहे. म्हणून ती चाचणी कशी झाली होती हे आठवून लिहिते.

दृष्टी तपासायचा अक्षरांचा तक्ता हर्मन स्नेलेन या डच डॉक्टरांनी 1862 मध्ये तयार केला. 6/60 म्हणजे निरोगी डोळ्याला 60 मीटरवरून ओळखता येतं ते अक्षर या डोळ्याला 6 मीटरवरून ओळखता येतं. अक्षरं न येणाऱ्या मुलांसाठी इंग्रजी ई हे अक्षर चारही दिशांना तोंड करून छापलेलं असतं. त्याचे पाय ज्या बाजूला, तिकडे मुलाने बोटं दाखवायची. 6/9 च्या ओळीतलं अक्षर जेमतेम 13 मिलिमीटर उंचीचं असतं, त्यामुळे अंतर, उजेड आणि डोळा झाकणं या तीन गोष्टी काटेकोर नसतील तर चाचणीला काही अर्थ उरत नाही.

माझ्या चाचणीत मुलं रांगेत उभी होती, तक्ता सगळ्यांना दिसत होता आणि पुढचं मूल उत्तर देताना मागची मुलं ऐकत होती. पाचव्या मुलापर्यंत ओळ सगळ्यांना पाठ झाली असणार. डोळा ज्याचा त्याने आपल्या तळहाताने झाकायचा होता. सहा वर्षांच्या मुलाच्या बोटांत केवढ्या फटी राहतात ते तुम्हीच आठवून बघा. ज्या मुलाला एका डोळ्याने नीट दिसत नाही ते त्या फटीतून बघणारच. त्यात त्याची लबाडी नसते. त्याला दिसायला हवं असतं आणि फटीतून दिसतं, एवढंच.

रांजणवाडी बसायला आठवडा गेला. रोज दोन-तीनदा स्वच्छ फडक्याने कोमट शेक द्या, लवंग नको, एवढं मी आजीला सांगितलं होतं. पापणी उघडल्यावर मी पुन्हा चाचणी घेतली, यावेळी नीट. वर्गखोली लांबीला पुरेना, म्हणून व्हरांड्यात टेपने 6 मीटर मोजून खडूने रेघ मारली. तक्ता उजेडाकडे तोंड करून, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगला. बाकीची मुलं आत. कागदाचा जाड तुकडा दुमडून मी स्वतः तिचा डोळा झाकला, डोळ्यावर दाब न देता.

डावा डोळा झाकला. ती हसत हसत शेवटच्या ओळीपर्यंत गेली. मग उजवा झाकला आणि पोरीचा नूरच बदलला. मान वळवली, कागद बाजूला केला. पुन्हा झाकला, पुन्हा हाताने ढकलला. "मला न्हाई खेळायचं." मी तक्त्याकडे पाहत होते, म्हणजे चुकीच्या ठिकाणी पाहत होते. खरं उत्तर तिच्या हातात होतं. एक डोळा झाकला तर चालतं आणि दुसरा झाकला की मूल हात ढकलतं, रडतं, मान वेडीवाकडी करतं, हा बोलता न येणाऱ्या तान्ह्या बाळातही दिसणारा फरक आहे. समजूत घातल्यावर ती तयार झाली. सगळ्यात वरचं एकच मोठं अक्षर ओळखलं. 6/60.

"तुला या डोळ्याने दिसत नाही हे आधी का नाही सांगितलंस?" असं मी विचारलं. विचारायला नको होतं. ती गोंधळून म्हणाली, "दिसतंय की." तिच्या दृष्टीने ते खरं होतं. जन्मापासून तो डोळा जसा दाखवतो त्यालाच ती दिसणं म्हणते. दुसऱ्यांचा तो डोळा याहून स्वच्छ बघतो हे तिला कुठून कळणार? "बाळा, नीट दिसतं ना?" हा प्रश्न आपण आईबाप, शिक्षक सगळेच विचारतो, आणि अशा मुलाकडून त्याचं "हो" सोडून दुसरं उत्तर येऊच शकत नाही.

घरच्या भिंतीवरचं कॅलेंडर

संध्याकाळी घरी गेले. आजी म्हणाली, "बाई, आमच्या पोरीला सगळं दिसतंय. अंधारातबी बारका किडा दिसतो तिला." आई चुलीपाशी होती, तिने मान वर केली नाही. मग फोनवर वडील: चष्मा एकदा लागला की नंबर वाढतच जातो म्हणे, आणि मुलीची जात आहे, पुढे लग्नाचं कसं.

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी चिमीच्या आईला म्हटलं, तुम्हीच बघा. दाराजवळ उभं करून तिचा डावा डोळा पदराने झाकायला सांगितलं. समोरच्या भिंतीवर कालनिर्णय होतं. चिमीने लाल आकडे, काळे आकडे, सगळ्या तारखा धडाधड वाचल्या. "आता उजवा झाका." चिमी थांबली. एक पाऊल पुढे गेली, मग आणखी एक. मग चालतच सुटली आणि कॅलेंडरला नाक लागेस्तोवर थांबली नाही. आईने पदर तसाच धरून ठेवला होता, ती तिच्याबरोबर चालत गेली होती. तिने पदर सोडला आणि मला विचारलं, "कधी जायचं?"

नंबर वाढण्याबद्दल इथेच सांगते, कारण ही भीती घरोघरी आहे. चष्म्याने नंबर वाढत नाही. लांबचं न दिसणाऱ्या मुलांचा नंबर वाढतो तो डोळ्याचा गोळा वयाबरोबर लांबट होत जातो म्हणून, चष्मा लावला तरी आणि न लावला तरी. चिमीच्या बाबतीत तर उलटी गोष्ट होती: चष्मा न लावल्यानेच डोळा मागे पडला होता.

दवाखान्यात काय निघालं

आधी ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांनी तपासून पुढे पाठवलं. मोठ्या नेत्र रुग्णालयात बाहुली मोठी करणारे थेंब घातले, थोड्या थोड्या वेळाने तीनदा. मुलांचा नंबर थेंबांशिवाय काढला तर फसायला होतं, कारण मुलाच्या डोळ्यातलं भिंग फार लवचीक असतं. ते जोर लावून प्लसचा नंबर, म्हणजे स्वच्छ दिसायला भिंगाला जास्त जोर लावावा लागतो तो, लपवतं. थेंबांनी तो जोर काही काळ सैल पडतो. पुढचे दोन दिवस उन्हाचा त्रास झाला आणि जवळचं अंधुक दिसलं. हे होणारच असतं, आधी सांगून ठेवलं म्हणजे घरचे घाबरत नाहीत.

नंबर काढताना डॉक्टरांनी तिला काहीच विचारलं नाही. डोळ्यात उजेडाची पट्टी फिरवली, समोर एकेक भिंग धरलं आणि आतून परत येणारा उजेड कसा सरकतो ते पाहिलं. याला रेटिनोस्कोपी म्हणतात. वर्षाच्या मुलाचाही नंबर असा काढता येतो. त्यामुळे "अजून लहान आहे, सांगता येत नाही, शाळेत जायला लागला की बघू" या बोलण्याला आधार नाही.

उजव्या डोळ्याचा नंबर प्लस 1. डाव्याचा प्लस 5, थोड्या आडव्या नंबरासह. डोळ्याच्या आतला पडदा निरोगी, मोतीबिंदू नाही, तिरळेपणा नाही. आणि मुख्य गोष्ट: डाव्या डोळ्यापुढे बरोबर नंबराचं भिंग धरलं तरी ती 6/36 च्या पुढे वाचू शकली नाही. निदान अँब्लायोपिया. मराठीत याला आळशी डोळा म्हणतात. मला हा शब्द आवडत नाही. सात वर्षांच्या मुलीसमोर तो वापरू नये असं मला मनापासून वाटतं, कारण तिने किंवा तिच्या डोळ्याने आळस केलेला नाही.

घडलं होतं ते असं. दोन्ही डोळ्यांतली भिंगं एकाच हुकुमाने, सारखीच ताणली जातात. मेंदू चांगल्या डोळ्याला स्वच्छ दिसेल एवढाच जोर लावतो. प्लस 1 च्या डोळ्याचं काम भागलं की प्लस 5 चा डोळा लांबचंही अंधुक बघतो आणि जवळचंही. मायनस नंबरात, म्हणजे लांबचं दिसत नाही त्यात, निदान पुस्तकाच्या अंतरावरचं स्वच्छ दिसतं आणि तेवढा तरी तो डोळा वापरात राहतो. इथे तेही नाही. लहानपणीच्या ज्या वर्षांत मेंदूतली बघण्याची जोडणी पक्की होत असते, त्या वर्षांत एका बाजूने कायम धूसर चित्र येत राहिलं, म्हणून मेंदूने ते बाजूला ठेवायला सुरुवात केली. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजरांच्या पिल्लांवर केलेल्या प्रयोगांत नेमकं हेच दिसलं होतं: कोवळ्या वयात एक डोळा बंद ठेवला, तर पुढे तो उघडूनही मेंदूतल्या पेशी त्याला फारसा प्रतिसाद देत नाहीत. मोठ्या मांजराचा डोळा तेवढेच दिवस बंद ठेवला तर असं होत नाही. 1981 च्या नोबेलमध्ये या कामाचा वाटा होता.

म्हणून वय महत्त्वाचं. साधारण सात वर्षांच्या आत उपचार सुरू झाले तर गुण चांगला येतो. त्यानंतर दार अगदी बंद होत नाही. सात ते बारा वयाच्या मुलांवरचा अमेरिकेतला मोठा अभ्यास 2005 मध्ये आला. त्यात चष्म्यासोबत पट्टी आणि थेंबांचे उपचार दिलेल्या निम्म्याहून थोड्या अधिक मुलांची दृष्टी लक्षणीय सुधारली. पण तीन-चार वर्षांच्या मुलाला जे सोपं जातं त्यासाठी आठव्या वर्षी फार झगडावं लागतं. चिमी साडेसात वर्षांची होती.

चष्मा आणि पट्टी

आधी फक्त चष्मा, झोपेची वेळ सोडून पूर्णवेळ. मला वाटलं होतं लगेच पट्टी लावतील. डॉक्टर म्हणाले, काही मुलांचा डोळा नुसत्या चष्म्यानेच वर येतो, तीन महिने थांबून बघू. भिंगं न फुटणारी, पॉलिकार्बोनेटची घ्यायला सांगितली, आणि त्याचं कारण माझ्या मनात आलंच नव्हतं: ज्या मुलाचा एकच डोळा चांगला आहे त्याचा तो डोळा जिवापाड जपावा लागतो. विटीदांडू, फटाके, रंगपंचमीचे फुगे, सगळ्याला चष्मा ही ढाल आहे.

डाव्या भिंगातून डोळा मोठा दिसायचा. पहिल्या आठवड्यात ती पायऱ्यांवर जास्तच अडखळली, कारण दोन डोळ्यांना दोन आकारांची चित्रं दिसत होती. आईचा फोन: "काढून ठेवू का?" मी दवाखान्यात विचारून सांगितलं, नको, सवय होईल. दहा-बारा दिवसांत झाली. तीन महिन्यांनी डावा डोळा 6/24.

मग पट्टी. चांगल्या, म्हणजे उजव्या डोळ्यावर, चष्म्याच्या आत, कातडीला चिकटवायची, रोज दोन तास. मध्यम प्रमाणातल्या अँब्लायोपियात दोन तासांची पट्टी सहा तासांइतकंच काम करते हे 2003 मध्ये सिद्ध झालं आहे. नाहीतर पूर्वी मुलांना दिवस दिवस पट्टी लावत. जास्त असेल तर आजही तास वाढवतात, ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

दोन तास हे कागदावर दोन तास असतात. आई सकाळी खुरपणीला जायची, आजीला पट्टी नीट लावता येत नव्हती आणि चिमी आजीचं ऐकत नव्हती. पहिल्या महिन्यात जेमतेम निम्मे दिवस पट्टी लागली. काही दिवस चष्म्याच्या वरून बघून वेळ काढला. गालावर पुरळ आलं. शेवटी आम्ही ठरवलं की पट्टी शाळेत लावायची, खिचडी झाल्यावर, दुपारच्या दोन तासांत. त्या वेळात मी तिच्यासाठी जवळून बघायची कामं ठेवली: चित्र रंगवणं, ठिपक्यांची रांगोळी वहीत काढणं, तांदूळ निवडणं, आणि मणी. पुरळासाठी पट्टीची जागा रोज थोडी बदलायची आणि काढताना पाण्याने भिजवून काढायची.

पहिल्याच दिवशी मागून "एकडोळी" असा आवाज आला. मी कुणालाही रागावले नाही. प्रत्येकाला पेन आणि टोपण घ्यायला लावलं, एक डोळा मिटायला लावला आणि हात लांब करून टोपण पेनावर बाजूने बसवायला सांगितलं. वर्गात हलकल्लोळ. टोपण पेनाच्या अलीकडून, पलीकडून जात होतं. जो ओरडला होता त्याचं पाच वेळा चुकलं. "चिमी रोज असं करते," मी म्हटलं. "पहिलीपासून." त्यानंतर तो शब्द मी ऐकला नाही. भिंतीवर एक तक्ता लावला, त्यावर पट्टीच्या रोज एक टिकली लावायची. ती टिकली लावायचं काम त्या मुलाने मागून घेतलं.

पट्टीच्या तिसऱ्या महिन्याअखेर 6/18. मग उन्हाळ्याची सुट्टी आली, ती वाशीला वडिलांकडे गेली आणि सहा आठवडे पट्टीत खंड पडला. जूनमध्ये पुन्हा तपासलं तेव्हा आकडा तिथेच होता, मागे गेला नव्हता हे नशीब. नोव्हेंबरात 6/12. आता पट्टी आठवड्यातून तीन दिवसांवर आणली आहे. एकदम बंद करत नाहीत, कारण पट्टी सोडलेल्या मुलांपैकी साधारण चौथ्या हिश्शाची दृष्टी वर्षभरात पुन्हा घसरते. डोळा पूर्ण 6/6 होईल असं आश्वासन डॉक्टरांनी दिलेलं नाही आणि मीही तिच्या आईला दिलेलं नाही.

दुसरी खूण, दुसरी मुलं

त्याच वर्षी चौथीतला एक मुलगा आम्ही आठ दिवसांत हेरला. तो फळा वाचताना डोळे बारीक करायचा आणि शेजाऱ्याच्या वहीतून उतरवायचा. मायनस 2 निघाला, चष्मा लागला, प्रश्न मिटला. लांबचं न दिसणारं मूल असं आपोआप उघडं पडतं. त्याच्यासाठी एवढंच सांगायचं की रोज दीड-दोन तास उघड्यावर, दिवसाच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांना हा नंबर लागण्याचं प्रमाण कमी दिसलं आहे. गावातल्या मुलांचं हे सुख मोबाइलने हिरावू नये.

काही खुणा मात्र महिनाभरही थांबण्यासारख्या नसतात. बाहुलीत पांढरी झाक दिसणं, किंवा फ्लॅशने काढलेल्या फोटोत एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा येणं, ही मोतीबिंदूची किंवा डोळ्याच्या कर्करोगाची खूण असू शकते. त्यात जीवही जाऊ शकतो, म्हणून त्याच आठवड्यात दवाखाना गाठायचा. तिन्हीसांजेला मूल ठेचकाळत असेल, घरात एकाच जागी बसून राहत असेल, तर अ जीवनसत्त्वाचा विचार करायचा आणि अंगणवाडीत मिळणारे डोस चुकले का ते बघायचं. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत असे नऊ डोस असतात. चार महिन्यांनंतरही बाळाचा डोळा वाकडा जात असेल, तर "तिरळं पोर नशीबवान" म्हणून आनंद मानू नये. तिरळेपणा हेही अँब्लायोपियाचं मोठं कारण आहे. मूल उन्हात एकच डोळा मिटत असेल, बघताना मान सतत एकाच बाजूला कलती ठेवत असेल, तर तेही दाखवून घ्यावं.

2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा पथकाकडून तपासणीची सोय आहे, आणि शाळकरी मुलांना चष्मा सरकारी योजनेतून मोफत मिळतो. पण पथक एक दिवस येतं. मणी ओवताना दोरा कुठून जातो हे बघायला वर्षभर तिथे आपण असतो.

चिमीच्या धाकट्या भावालाही दाखवून घ्या, असं डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. भावंडांत हा धोका जास्त असतो. साडेतीन वर्षांचा होता. त्याचे दोन्ही डोळे प्लस 3 च्या आसपास, सारखेच. आत्ता चष्मा नको, सहा महिन्यांनी पुन्हा आणा, असं सांगितलं आहे. ती तारीख मी आणि अंगणवाडीच्या ताईंनी, दोघींनीही लिहून ठेवली आहे.

आता दर जूनमध्ये आणि दिवाळीनंतर मी व्हरांड्यात 6 मीटरची रेघ मारते. एका वेळी एकच मूल, बाकीची आत. कागद मी धरते आणि तक्त्याइतकंच मुलाच्या हाताकडे बघते. यंदाच्या पहिलीतल्या एका मुलाने उजवा डोळा झाकल्यावर दोनदा हात बाजूला केला. वडिलांना निरोप दिला, ते म्हणाले कांद्याची लागण उरकली की नेतो. लागण परवा उरकली. रविवारी सकाळी मी आणि चिमीची आई त्यांच्या घरी जाणार आहोत. कॅलेंडर असतंच प्रत्येकाच्या भिंतीवर.